दाबल्या दगडातलं पानी

१४ डिसेंबर
उमरतांडा, ता. दारव्हा

गोव्यात राह्यनाऱ्या पोरीले,

आधीच सांगून ठेवतो, हे पत्र मी खुशीनं लिहून नाई राह्यलो. तुही याडी आठ दिवसांपासून माह्यासंगं बोलत नाई. समोर भाकर ठेवते न पाठ फिरवते. काल म्हनलं, "सुखे, मी मेलो का?" तं भिंतीकडं पाहून म्हनते, "पोरीले चिठ्ठी लिहा, मंग बोलीन." घ्या! तीस वर्सांच्या संसारात ह्या बाईपुढं माहं एक दिवस चाललं नाई.

नाव लिहिलं नाई ते तुह्या ध्यानात आलंच असन. दोन वर्सांआधी सगळ्या तांड्यापुढं म्हनलं होतं, हिचं नाव माह्या तोंडून निंगनार नाई. शब्द देल्ला तं पाळाव लागते. पोस्टात म्हनतात लिफाफ्यावर नाव पाह्यजेच, तं ते खिडकीतल्या सुरभीबाईनं टाकलं. म्या फक्त तुह्या जुन्या लिफाफ्यावर बोट ठेवलं.

तू याडीले लिहिलेलं लांबलचक पत्र म्या वाचलं. चोरून नाई, पेटीवर उघडंच पडलं होतं. समुद्राच्या तळाखाली जिथं जमीन फाटलेली हाये, तिथला दगड जहाजावरून भोक पाडून काढतात म्हने. तो तू लोखंडाच्या नळकांड्यात घालते, चहूबाजूनं दाबते, अन् त्यातून पानी किती पार होते ते पाहते. लय दाबला का कमी जाते, ढिला सोडला का जास्त. बरं बाप्पा. दगड अन् पानी, हेच पाह्याचं होतं तं गोव्याले कायले गेली? घरी बाप होता ना.

आता एक गोठ इचारतो. माह्यासाठी नाई. एक मानूस हाये, दूरच्या तांड्यातला. त्यानं आपल्या तांड्यासाठी बोअरची जागा काढली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालला, अन् एका जागी नारळ असा टनकन उभा राह्यला का पाहनाऱ्यांच्या अंगावर काटा आला. एकशेचाळीस फुटावर लाल गेरूचा थर लागला न त्याच्या चिरांतून दोन इंच पानी. बारा वर्सं तीन एचपीची मोटर रोज पाच तास चालली, सगळ्या तांड्याची टाकी भरली. यंदा दिवाळीले त्या मानसानं तिथं साडेसात एचपीची मोटर बसवली. कोनी सांगतलं नव्हतं, आपल्याच मनानं. पानी धबाधबा आलं, लोकं पाहतच राह्यले. अन् पंधरा दिवसांत मोटर वीस मिनिटं चालते न हवा ओढते. सकाळी दोरी टाकून पाह्यलं तं पानी आपल्या जागेवर उभं! मंग मोटर लावली का जाते कुठी?

तिथल्या बाया आता अर्ध्या कोसावरच्या विहिरीतून डोक्यावर पानी आनतात. त्या मानसाले कोनी काही म्हनत नाई, कारन त्यानं सांगून ठेवलं हाये का पाताळातलं पानी सरलं.

तुले समजत असन तं लिही. नसन तं राहू दे.

आनखी एक. लालीबाईच्या वावरातल्या बोअरले पानी लागलं का, हे मातर इचारू नोको.

खेमसिंग हरलाल राठोड

३० डिसेंबर
उमरतांडा

गोव्याच्या पोरीले,

पह्यल्याच ओळीत "बा, तो मानूस तूच ना?" असं लिहाची काय गरज होती? तुह्या याडीले वाचून दाखवलं तं ती इतकी हासली का तव्यावरची भाकर जळाली. पन बोलली. तुह्या उत्तरापायी अडून बसली होती, एवढ्या दिवसांनंतर पह्यला शब्द काय, तं "भैताड". मले लय बरं वाटलं.

हव, मीच तो. पुढं चाल.

तू लिहिलेलं मले जसं समजलं तसं लिहितो, चुकलं तं सांग. वरच्या दगडाचं वझं चिरांले मिटवाले पाहते. चिरेतलं पानी आतून रेटा देते न तिले उघडी ठेवते. लहान मोटर जेवढं ओढे तेवढं मागून येत जाय, चीर उघडीच राहे. मोठ्या मोटरनं एकाएकी उपसलं, चिरेतला रेटा गेला, वरचं वझं बसलं, गेरू मऊच, चीर मिटली. मंजे मी जेवढ्या जोरानं ओढून राह्यलो तेवढा रस्ता अरुंद करून राह्यलो. मोटर थांबली का पानी सावकाश पाझरून चढते, म्हनून सकाळी दोरीले पुरं दिसते. समुद्राखालच्या फाटीतबी हेच चालते म्हने. पानी कोंडून राह्यते, त्याचा दाब वाढत गेला का चिरा फाकतात, पानी पळते, मंग पुन्हा मिटतात. अन् कधी त्याच दाबापायी जमीन सरकते.

हे वाचलं न मी चपला न घालता बोअरपाशी गेलो. तिथं उभाच राह्यलो. बारा वर्सं रोज त्या बोअरचं बटन दाबलं, मले काहून नाई सुचलं हे?

अन् मंग राग आला. खोटं कायले सांगू. तुहा दगड समुद्राचा, माहा दारव्ह्याचा. तिकडचा कायदा इकडं कायले लागू होईन? म्हनून मी दगडच पाठवून राह्यलो. खालच्या विहिरीत तोच लाल थर बाजूनं उघडा पडला हाये, तिथून खापलून काढला. दोर कमरेले बांधून उतरलो. तुही याडी वरून शिव्या देत होती, त्या आपल्या गोरबोलीतल्या होत्या म्हनून इथं लिहत नाई.

पोस्टात सुरभीबाई इचारते, "काका, पार्सलात काय हाये?"

म्हनलं, "दगड."

"गोव्यात दगड नाईत का?"

"हायेत. पन ते आपल्या ओळखीचे नाईत."

ती हासली, ठप्पा मारला. तवा तो दगड दाब न मले सांग. खरं सांग. बापाची गोठ हाये म्हनून कमीजास्त करू नोको.

खे. ह. राठोड

१९ जानेवारी
उमरतांडा

पोरी,

तुहं पाकीट काल भेटलं. त्यातला आलेख म्या उलटासुलटा करून पाह्यला, मंग समजला. ढिला होता तवा आपल्या तांड्याच्या दगडातून शंभर थेंब गेले. दाबला तं नऊ. नऊ! मी आंगनात मोठ्यानं ओरडलो, "आपला दगडबी तसाच वागते!" याडी म्हनते, "त्यात एवढा आनंद कायचा, पानी तं तुम्हीच बंद केलं." बाईच्या जातीले इज्ञान समजत नाई असं म्हननार होतो, मंग तुही आठवन आली न चूप बसलो.

पन खाली तू लिहिलं हाये, पुन्हा ढिला केल्यावर सत्तर थेंब गेले, शंभर नाई. एकदा दबलेला दगड पह्यल्यासारखा पुरा होत नाई, पन कामापुरता होते. हे वाक्य म्या चारदा वाचलं. हे दगडाचंच लिहिलं ना तू?

तं आता लालीबाईच्या बोअरचं सांगतो. तीनशे फूट धूळ निंगाली. नुसती धूळ. लालीबाई बिचारी डोक्यावर पदर धरून उभी होती, एक शब्द बोलली नाई मले. एरवी ती बाई झोपेतबी बोलते.

पोरी, त्या दिवशीचं खरं काय ते तुले कधी सांगतलं नाई. लोकांले वाटते मी नारळानं पानी पाहतो. नारळ लोकांसाठी हाये. मी आधी दोन दिवस जमीन पाहतो. उंबर कुठी हाये, वारूळ कुठी, उतार कोनीकडं जाते, उन्हाळ्यात कोनत्या पट्ट्यातलं गवत उशिरा वाळते. मंग नारळ घेऊन तिथं जातो न तो उभा राह्यते. उभा नाई राह्यला तं करंगळी हाये ना. लालीबाईच्या वावरात त्या दिवशी चाळीस लोकं जमले होते, चार गावचे पाव्हने होते. म्या जमीन पाह्यलीच नाई. सरळ नारळ घेतला न तमाशा केला.

अन् तू बाजूनं चालत होती. उंबर पाह्यला, वारूळ पाह्यलं, उताराले वाकून पाह्यलं, न म्हनली, "बा, चार पावलं इकडं घेतली तं?" एवढंच म्हनली तू. अपमान वगैरे काही केला नव्हता. दोन वर्सं मी तसं सांगत फिरलो, ते खोटं हाये. तू माह्याचसारखी चालून राह्यली होती, लहानपनी म्याच तुले वावरावावरात फिरवून शिकवलं होतं, न त्या घडीले मीच ते सोडलं होतं. मले लाज वाटली न मी ओरडलो. चाळीस लोकांपुढं म्हनलं, ही माही पोरगी नाई. तू सकाळच्या जीपनं गेली. मी बैलाच्या गोठ्यात लपून पाह्यत होतो.

तू लिहिलं हाये, "बा, पत्रातच माफी माग, चालन मले." तुले चालन, मले नाई चालत. आपल्या तांड्याची रीत तुले माहीत हाये. ज्या लोकांपुढं चूक केली त्याच लोकांपुढं, जिचं मन दुखवलं तिच्या तोंडासमोर मान खाली घालाव लागते. फैसला कराले नायक बसला पाह्यजे, तांडा बसला पाह्यजे. कागदावरची माफी मंजे कागदावरचं जेवन. पंधरा फेब्रुवारीले सेवालाल महाराजांची जयंती हाये, सगळा तांडा एका जागी असन. तू ये. एक दिवस ये. मले ते वझं उतरवू दे.

बोअरचं तू सांगतलं तसंच करून राह्यलो. मोठी मोटर काढली. आठ दिवस बोअर बंद ठेव म्हनली, आजपासून ठेवली. लोकांले सांगतलं मोटर जळाली. हे आनखी एक खोटं झालं, पन तेबी पंधरा तारखेले सगळ्यांसंगं सांगून टाकीन.

बा

६ फेब्रुवारी
उमरतांडा

पोरी,

पानी आलं! आलं वो माय, पानी आलं!

आठ दिवस झाल्यावर तीनची मोटर सोडली, तू लिहिलं तसं तोटी अर्धीच उघडी ठेवली. पह्यले गढूळ, लाल लाल, रंगपंचमीसारखं. मी हात जोडून उभा. मंग निवळलं. एक तास झाला, दोन झाले, तीन झाले. मी दर पंधरा मिनिटाले दोरी टाकून पाहे, पानी गेरूच्या खाली उतरत नाई ना. साडेतीन तासांनी तुही याडी येऊन म्हनते, "आता बस करा, टाकी वाहून राह्यली." पह्यले पाच तास चाले, आता साडेतीन. तुहे सत्तर थेंब बरोबर निंगाले! मी टाकीखाली भिजत उभा राह्यलो, साठीचा मानूस, न पोट्ट्यासारखा नाचलो. लालीबाईनं पाह्यलं. आता ती सगळ्या दारव्हा तालुक्याले सांगन.

पन एक गोठ वाईट झाली, माह्याकडूनच. बायांनी मले हळदकुंकू लावलं, नायकानं गमछा देल्ला, सगळे म्हनले खेमसिंगनं पानी परत आनलं. अन् मी चूप बसलो. गमछा घेतला. तोंडातून खरं निंगालंच नाई पोरी. जिनं आनलं तिचं नाव म्या घेतलं नाई. ज्यानं घालवलं त्याचंबी नाई. तो गमछा खुंटीवर हाये, मले त्याच्याकडं पाह्यवत नाई.

म्हनलं, जाऊ दे, पंधराले पोरगी येईन न सगळं एकदाच निपटून जाईन. अन् आज तुहं पत्र आलं. जहाज ठरल्यापेक्षा आधी निंगते. बावीस तारखेले वास्कोच्या बंदरातून अंदमानच्या समुद्रात, तीन महिने. सामान चढवाचं हाये, सुट्टी नाई.

ठीक हाये. नोको येऊ. जहाज मोठं, बाप लहान. समुद्राच्या तळाचा दगड तुले सापडते, दारव्ह्याची गाडी सापडत नाई.

...

हे वरचं खोडनार होतो, पन याडी म्हनते खोडू नोको, तिले कळू दे तुम्ही कसे हा ते. तं ऱ्हाऊ दे. राग नाई पोरी, भेव हाये मले. तू तीन महिने त्या पान्यावर राह्यशीन, खाली ती फाट, न मी इथं माफी न मागता बसून राह्यीन. माह्याच्यानं एवढं होनार नाई.

बा

२१ फेब्रुवारी
वास्को, बंदराच्या गेटवर

पुष्पा, पुष्पा, पुष्पा!

दोन वर्सांचं एकदम लिहून टाकलं. आनखी लिहिलं असतं पन कागद वॉचमनचा हाये, त्यानं दोनच देल्ले.

घाबरू नोको, सगळे खुशाल हाये. ही चिठ्ठी वॉचमन तुह्यापाशी आनून देईन. तू वाचून राह्यली तवा मी तुह्यापासून दोनशे पावलांवर उभा हाये.

कसं झालं ते पटपट सांगतो. पंधराले जयंतीचा भोग झाला, आरती झाली, तांडा बसला. देवसिंग नायकानं इचारलं, कोनाची काही फिर्याद हाये का. मी उठलो. म्हनलं, माही माह्यावरच हाये. बोलाले लागलो तं थांबलोच नाई. मोठ्या मोटरचं सांगतलं. पाताळातलं पानी सरलं नव्हतं ते सांगतलं. मोटर जळाली नव्हती ते सांगतलं. बाया दोन महिने डोक्यावर हंडे वाह्यत होत्या ते माह्या घमेंडीपायी. मंग तुहा आलेख काढला न सगळ्यांपुढं धरला. म्हनलं, ह्या दगडाले गोव्यात दाबून जिनं आपलं पानी परत आनलं, तिचं नाव पुष्पा खेमसिंग राठोड हाये, ती माही पोरगी हाये, न लालीबाईच्या वावरात ती बरोबर होती न मी चूक.

मले वाटलं आता धरनी फाटली तं बरं होईन. तवा लालीबाई उठली. म्हनते, "मी दोन वर्सांपासून वाट पाहून राह्यली होती का हा मानूस कई बोलते." न रडाले लागली, न हासाले लागली, दोन्ही एकाच वेळी. ती बाई काही एक काम धड करत नाई.

नायकानं फैसला देल्ला. एक, सगळ्या तांड्याले लापशीचं जेवन खेमसिंगनं द्याचं. देल्लं, बोअरच्याच पान्यात शिजवली. तो गमछाबी परत केला, नायकानं घेतला नाई, म्हनला पोरीच्या गळ्यात टाकजो. दोन, माफी पोरीच्या तोंडासमोर, तांड्यासमोर. म्या म्हनलं, नायक, पोरगी येऊ शकत नाई, तिचं जहाज बावीसले निंगते. नायकानं पगडी सारखी केली न म्हनला, "पोरगी येऊ शकत नाई तं तांडा जाईन. आपल्या लोकांले चालाचं कोनी शिकवाव लागते का?"

तं आम्ही आलो. धरमसिंगची क्रूझर गाडी, तेरा मानसं. आल्याआल्या तुह्या हॉस्टेलवर गेलो, तिथं कळलं तू जहाजावरच राह्यते दोन दिवसांपासून. नायकाले घाटात उलट्या झाल्या, पन तो कोनाले सांगू देत नाई, तूबी इचारू नोको. तुह्या याडीनं जहाजावरच्या सगळ्यांसाठी लापशीचा डबा आनला हाये. डबा मंजे तेलाचा पंधरा किलोचा पिपा हाये.

वॉचमन चांगला मानूस हाये, पन म्हनते आत एकालेच सोडता येईन. नायक म्हनते एकट्याची माफी मोजल्या जात नाई, साक्षीले तांडा पाह्यजे. दोघं अर्ध्या तासापासून भांडून राह्यले, एक हिंदीत न एक गोरबोलीत. म्हनून तूच बाहेर ये बेटा. मले तुह्या समोर काही लंबंचौडं बोलता येनार नाई, रडू येईन, ते आधीच सांगून ठेवतो. मी मान खाली घालीन, तू डोक्यावर हात ठेवजो न म्हनजो का माफ केलं. पुरं नसन जमत तं सत्तर म्हन. मले चालन.

इथून वळून पाह्यलं तं समुद्र दिसते म्हनतात. तेराही जनं त्याच्याकडं पाठ करून गेटकडं पाहत उभे हाये, नायकानं सांगतलं हाये आधी पोरगी, मंग समुद्र. लवकर ये, लालीबाई मान वळवाले लागली.

तुहा बा